चांदीनं चावलेलं गवत

माश्या शाळा चालवायच्या त्या काळची गोष्ट. ओढ्याकाठी कुंभारमाशीबाई चिखल, गवत, पिसं, शिंपले, जे हाती येईल त्यातून मूर्ती घडवायला शिकवायच्या. वर्गात तीनच मुलं होती. कावळ्याची चोच फार सफाईदार. चिचुंद्रीला जवळजवळ दिसतच नसे. आणि चांदी शेळी समोरचं गवत नुसतं चावून चावून टाकायची.

पोळा तोंडावर आला होता. म्हाताऱ्या ढवळ्या बैलाला भेट म्हणून प्रत्येकानं एक बैल घडवायचा होता.

“बाई, चांदीला घरी पाठवा. ती सामानाची नासाडी करते,” कावळा म्हणाला.

“ते राहू दे. तू चिखलात थोडं गवत घाल बघू.”

“गवतानं अंग खरबरीत होतं, बाई.”

त्यानं नुसत्या मऊ चिखलाचा देखणा बैल केला. चिचुंद्रीनं मात्र चाचपडत, चांदीनं टाकलेला चोथाही चिखलात मळून घेतला. तिच्या बैलाचं एक शिंग कानाखाली आलं.

दुपारच्या उन्हात कावळ्याच्या बैलाची पाठ तडकली आणि त्याचे दोन तुकडे झाले. चिचुंद्रीचा बैल वाकडं शिंग मिरवत शाबूत उभा होता. कावळा मान खाली घालून बसला. बाईंनी त्याच्यापुढे करवंटीत पाणी ठेवलं.

“चिखल परत भिजतो रे,” एवढंच त्या म्हणाल्या.

कावळा उडाला. चोचभर गवत घेऊन आला आणि चांदीपुढे ठेवून म्हणाला, “मला जरा चावून देतेस?”

चांदीनं वर्गात पहिल्यांदाच मान वर केली.

“बारीक हवं की जाडसर?”