चूल कोणाची, पोट कोणाचं

दिवस बरोबर कासराभर वर आला होता, तेव्हा शिसेगडचा वकील करंजवणच्या दरबारात शिरला. शिसेगडात कोळशाच्या खाणी होत्या, पण त्या खडकात दाणा पिकत नसे. करंजवणात भात उदंड, पण जळणाची वानवा.

वकील मिशीला पीळ देत म्हणाला, "राणीसाहेब, कोळसा आमचा, म्हणजे चुलीही आमच्याच. राज्य आमच्या महाराजांच्या नावे करा, नाहीतर गाड्या बंद!"

मैनाराणीच्या मांडीवर तान्हं होतं. ऐन थंडीत चुली विझल्या तर घरोघरची लेकरं गारठतील, ही तिला धास्ती होती. पण आवाज हलला नाही.

"वकीलसाहेब, न्याहारी झाली ना?"

"झाली की! पेज झकास होती."

"तांदूळ आमचा होता. तुमच्या न्यायानं पोटही आमचंच झालं. चुली खुशाल न्या, पण पोट इथं ठेवून जा. आणि महाराजांचंही पाठवून द्या, तेही आमच्याच भातावर सुटलंय!"

दरबार खो खो हसला. वकिलाचा हात नकळत पोटावर गेला.

कोळशाच्या गाड्या आल्या, तांदूळ भरून परत गेल्या आणि राज्य राणीचंच राहिलं.

बायांनो, पाणवठ्यावर चारचौघींना हे जरूर सांगा: शेजारणीकडून विस्तव आणला, म्हणून चूल काही तिची होत नाही.