शाळेवर ओरडणारी टिटवी

एका माळाच्या कडेला आंब्याच्या झाडाखाली एक खार शाळा चालवीत असे. उंदरांची, साळुंक्यांची, सरड्यांची पिल्ले तिच्यापुढे ओळीने बसत. खारबाईंचा नियम एकच : ससाणा दिसला की सगळ्यांनी झाडाच्या ढोलीत शिरायचे. रोज त्याचा सराव होई आणि रोज टिटवीचे पिल्लू तेवढे जागच्या जागी जमिनीला चिकटून पडे. भारीच हट्टी दिसते हे, असे म्हणून बाई त्याला उठवून पळायला लावत. ते पाहून टिटवीचा जीव खालीवर होई. ती दिवसभर शाळेवर घिरट्या घालून ओरडे. बाई काय शिकवतात, ते कुणालाच ऐकू येईना.

मुलांनो, टिटवी झाडावर बसलेली तुम्ही कधी पाहिली आहे का? बाईंनीही पाहिली नव्हती. एके दिवशी मात्र 'का बरे बसत नसेल?' असा प्रश्न त्यांना पडला आणि त्या थेट टिटवीच्या घरी गेल्या. घर कसले, चार खड्यांमधला खळगा! टिटवीने त्यांना आपले पाय दाखवले. फांदी धरता येईल असे ते पाय नव्हतेच. ती म्हणाली, "आमची पिल्लं खड्यांत खड्यासारखीच दिसतात; हलली की मेली, बाई. तुम्ही त्याला पळवता, म्हणून मी ओरडते."

बाई ओशाळल्या. "यापुढे ते पडून राहील, मी लक्ष ठेवीन. पण तुम्ही सारख्या ओरडलात, तर खरा ससाणा आल्याचं आम्हाला कळणार कसं?" टिटवीला हे सुचलेच नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ती गप्प राहिली.

आठवड्याने ती एकदाच ओरडली. ससाणा खरोखरच आला होता. सगळी पिल्ले ढोलीत शिरली, टिटवीचे पिल्लू खड्यांत पडून राहिले. झेपावून त्याला पंखांखाली घ्यावे, असे टिटवीला फार वाटले. पण मग ससाण्याला ते दिसले असते. पिल्लाला बाईंच्या भरवशावर सोडून, काळजावर दगड ठेवून, पंख मोडल्यासारखी फडफडत ती उलट दिशेला निघाली. ससाणा तिच्यामागे लागला.

त्याला दूर चकवून ती परतली, तेव्हा बाई खड्यांमधून हळूहळू पाऊल टाकत म्हणत होत्या, "गेला रे बाळा, ससाणा गेला." त्यांच्या पायाशीच एक खडा हलला.

"आईने सांगितलंय, बाईंनी म्हटल्याशिवाय उठायचं नाही," पिल्लू म्हणाले. "बाई, आता उठू?"

तात्पर्य : विचारपूस केली की विश्वास बसतो, आणि घर व शाळा यांचा एकमेकांवर विश्वास असला, तरच मूल सुखरूप राहते.