खालच्या घाटाचं पाणी

पाहुणे, दिवस चांगला निवडलात, पण चहा मागाल तर आत्ता मिळायचा नाही. बाजाराचा दिवस असून आलखेड्याची सगळी पेठ बंद दिसते आहे ना? कार्तिकातल्या पहिल्या बाजाराला ती अशीच बंद असते. पेठेचा अध्यक्ष खालच्या घाटावर जाऊन मोरणी नदीचं पाणी डोळे मिटून पीत नाही, तोवर एकही दुकानदार फळी काढत नाही. त्याला यायला अजून वेळ आहे. तोवर या पिंपरणीखाली बसा, इथून खालचा घाट दिसतो. असं का ते सांगतो. मी रंगाऱ्याच्या घरातला आहे, त्यामुळे थोडा आमच्याच लोकांवर रागावून सांगेन. तेवढं समजून घ्या.

फार जुनी गोष्ट. तेव्हा इथे पेठ नव्हती, नदीकाठी रंगाऱ्यांची काही घरं होती. आल नावाच्या झाडाच्या मुळ्या कुटून तांबडा रंग काढायचा आणि लुगडी-पासोड्या रंगवायच्या, एवढाच धंदा. त्यातल्या एका घरात ठकाई नावाची बाई तरुणपणीच विधवा झाली. बाईचा हात लागला की रंगाचा हौद रुसतो, अशी तेव्हा समजूत होती. ठकाईने पदर खोचला आणि हौदात हात घातला. हौद रुसला नाही. उलट तिच्या हातचा तांबडा असा खुलायचा, की लमाणांचे तांडे वाट वाकडी करून इथे यायला लागले. मग तिने तांड्यांना उतरायला धर्मशाळा बांधली, आठवड्याचा बाजार बसवला, दुकानांच्या दोन ओळी आखून दिल्या. तुम्ही आत्ता ज्या रस्त्याने आलात तो तिनेच आखलेला, असं सांगतात. पुढे म्हातारा शेट्या वारला, तेव्हा पेठेचं शेटेपण, म्हणजे बाजाराचं पुढारपण, कुणाला द्यायचं यावर फारशी चर्चाच झाली नाही म्हणे, ते ठकाईकडेच आलं. बाईमाणसाला हा मान मिळाल्याचं आसपासच्या मुलखात कुणी ऐकलं नव्हतं.

पण रंगाला पाणी लागतं. आमचे हौद होते वरच्या घाटावर, आणि नदीच्या वळणाशी होती खालवस्ती. तिथल्या लोकांना वरच्या घाटाला शिवायची मनाई होती. आम्ही धुऊन सोडलेलं पाणीच त्यांच्या वाट्याला यायचं. पेठ वाढली तशी नदी दिवसभर तांबडी वाहू लागली, तेव्हा खालवस्तीने गाऱ्हाणं घातलं. ठकाईने ते मनावर घेतलं आणि नेम घालून दिला. रंगाचं धुणं दुपारनंतर करायचं. सकाळी फक्त खार-तुरटीचं धुणं, म्हणजे रंग चढवण्याआधी जे कापड खारात आणि तुरटीत भिजवतात, ते. त्या पाण्याला रंग नसतो. सकाळी नदी निर्मळ दिसायची आणि खालवस्ती तेवढ्यात पाणी भरून घ्यायची. सगळ्यांनी ठकाईची वाहवा केली.

चूक झाली ती इथे, आणि ती रंगाऱ्याच्याच हातून व्हावी अशी. रंगारी सगळं डोळ्याने जोखतो. रंग गेला की त्याच्या लेखी पाणी स्वच्छ. खरा अपाय होता तो सकाळच्या निर्मळ पाण्यात. खालवस्तीत लेकरं ओकू लागली, खंगू लागली. देवीचा कोप म्हणून कोंबडी कापून झाली. तरी काही लेकरं गेलीच.

एका सकाळी खालवस्तीतली धुरपा मडकं घेऊन ठकाईच्या दारात उभी राहिली. आदल्या दिवशी तिने आपलं तान्हं पुरलं होतं.

"आई, तुमच्या नेमाचं पानी हाय," ती म्हणाली. "डोळ्याला लई चांगलं दिसतंय. जरा पिऊन बघा."

खालवस्तीच्या हातचं पाणी पेठेत कुणी पीत नसे. ठकाईने ओंजळ पुढे केली. पहिल्याच घोटाला तिच्या तोंडाला खार लागला, आणि आपण काय करून बसलो ते तिला कळलं. ती उंबऱ्यावरच बसली.

"माझ्या नेमानं तुझं लेकरू नेलं गं," एवढंच तिला बोलता आलं.

त्याच दिवशी तिने पेठ बोलावली. सगळे हौद खालवस्तीच्याही खाली न्यायचे आणि वरचा घाट सगळ्यांना मोकळा करायचा, असं तिने सांगितलं. पेठ हादरली. वरच्या पाण्यावरच तांबडा खुलतो, खाली गेलो तर तांडे फिरकायचे नाहीत, असं जो तो म्हणू लागला. तिचा दीर म्हाळोजी तर भर सभेत उठला. "वहिनी, पेठ तुम्ही वसवली आणि आता तुम्हीच मोडताय. त्यापरीस खालवस्तीच हलवा की!" त्यावर आमच्या माणसांनी माना डोलावल्या. सांगायला लाज वाटते, पण असंच झालं म्हणे.

पेठ मानेल तेवढाच शेटेपणाचा हुकूम चालतो. ठकाई सभेतून उठली, पहार घेतली आणि आपला हौद स्वतःच्या हाताने फोडला. "तुमच्या हौदाला मी हात लावणार नाही," ती म्हणाली. "पण आजपासून धुरपाच्या लेकराला जे पाणी पाजलं, तेच मी पिणार." खालवस्तीच्या लोकांसाठी ती आपल्या बैलांवर लादून वरचं पाणी पाठवायची. स्वतः मात्र खालच्या घाटावर, खालवस्तीशेजारी, राहायला गेली आणि रोज सकाळी नदीचं तेच पाणी पिऊ लागली. चार दिवसांत हट्ट सोडेल, असं पेठेला वाटलं. तिने सोडला नाही. अन्न पोटात ठरेना, उभं राहायला धुरपाचा खांदा लागू लागला.

वरच्या घाटावरून खालचा घाट दिसतो. एका सकाळी म्हाळोजी तुरटीचं कापड धुवायला वाकला आणि सहज त्याची नजर खाली गेली. धुरपाने धरलेली ठकाई पाण्याशी बसत होती. तिने वाटी भरली. म्हाळोजीच्या हातातलं कापड पाण्याला टेकलं होतं. ते त्याला पाण्यात सोडवेना. याच वहिनीने त्याला लहानाचा मोठा केला होता. त्याने कापड दगडावर ठेवलं, घरी जाऊन पहार आणली आणि आपला हौद फोडला. मग एकेक करत सगळेच फुटले.

खाली नवे हौद बांधले. पहिलं वर्ष वाईट गेलं, तांबडा फिका उतरला, काही तांडे कायमचे तुटले. पुढे रंग परत आला. ठकाईच्या पुण्याईने आला असं लोक म्हणतात. मला रंगाऱ्याला विचाराल तर नव्या पाण्यावर हात बसला.

ठकाई मात्र त्या दुखण्यातून उठली नाही. शेवटच्या दिवशी धुरपाने तिला खालच्या घाटाचं पाणी आणून दिलं आणि विचारलं, "आई, कसं लागतंय?" ठकाईने डोळे मिटून घोट घेतला, तोंडात घोळवला. "गोड," ती म्हणाली. म्हाळोजीने रडत विचारलं, समाधी कुठं बांधू? ती म्हणाली, "समाधी नको. शेटेपण ज्याच्याकडं जाईल, त्यानं खालचं पाणी पिऊन सांगावं. डोळ्यावर भरवसा ठेवू नका."

आता शेट्याला अध्यक्ष म्हणतात, पण आजही धुरपाच्या घरातली बाई वाटी भरते, आणि तोच प्रश्न विचारते. उत्तर सगळ्या पेठेसमोर द्यायचं असतं. माझ्या तरुणपणी एका वर्षी अध्यक्षाने घोट घेतला आणि तो तोंडात घोळवतच राहिला. वरच्या अंगाला एक नवा कारखाना चोरून पाणी सोडत होता, आणि तो कारखाना त्याचाच होता. 'गोड' म्हणाला असता तर कुणाला कळणार होतं? पण मिटलेल्या डोळ्यांतून त्याच्या पाणी आलं. "खार लागतोय," तो म्हणाला. कारखाना बंद होईपर्यंत पेठ उघडली नाही.

ते बघा, आले. वाटी भरली. आता बोलू नका.

...

गोड म्हणाला! ऐकलंत ना? फळ्या निघाल्या बघा. चला, आता चहा मिळेल. याच पाण्याचा.