न शिवणारा चुंबक

"...मग माझ्यात अजून कमी काय आहे, ते तरी सांगा."

दस्तगीर उस्तादांनी मान वर केली नाही. मांडीवर विजेचा मीटर उघडा होता आणि ते ब्रशने चकतीवरची धूळ झटकत होते.

त्यांचा शागिर्द सिद्राम, त्याचा संताप आता आवरत नव्हता. जयसिंगपुरात गाळा घेऊन झाला होता, पाटी रंगवून झाली होती. अडलं होतं ते तपासलेल्या मीटरला सील मारायच्या चिमट्यापाशी. मिरजेच्या या दुकानात रीत अशी की उस्तादाने आपल्या हाताने चिमटा दिल्याशिवाय शागिर्दाने कुणाच्या मीटरला सील मारायचं नाही. घरमालक आणि भाडेकरू वीजबिलावरून एकमेकांचं तोंड बघत नसले, तरी त्या सीलपुढे दोघंही गप्प बसत. आणि उस्ताद होते की दर वेळी म्हणायचे, बघू.

"विचारा काहीही," सिद्राम म्हणाला.

"मीटर मोजतो कसा?"

हे तर पहिल्याच आठवड्यातलं. सिद्रामने घडाघडा म्हणून दाखवलं. एका कॉइलला विजेचा दाब कळतो, दुसरीला प्रवाह. दोन्ही मिळून चकतीला ढकलतात. भार जास्त, तर चकती जोरात. भार कमी, तर सावकाश. तिच्या फेऱ्यांची बेरीज म्हणजे जळलेली युनिटं.

"आणि चुंबक?"

"तो अडवून धरतो. ढकलणारे ढकलतायत, हा आपला मागे ओढतोय." सिद्राम जरा थांबला. "तुमच्यासारखा."

उस्तादांचा ब्रश थांबला...

"मग काढ की त्याला."

"काय?"

"अडवतोय म्हणतोस ना? काढ. किती दिवस कुरकुर ऐकू तुझी?"

सिद्रामने चिडूनच स्क्रू सोडवले. चकतीच्या कडेला, तिला कुठेही न शिवता, आ वासून बसलेला तो चुंबक त्याने उचलून टेबलावर आपटला. मीटर तपासणीच्या फळीवर चढवला. दिवा जोडला. बटण दाबलं.

चकती सुटली. तिच्यावरची काळी खूण दिसेनाशी झाली. आकडे पटापट पुढे पळू लागले.

"झालं मोकळं?" उस्तादांनी विचारलं.



उस्तादांनी हात लांब करून दिवा बंद केला.

दिवा विझला... चकती फिरतच राहिली. शेवटचा आकडा आणखी एक घर सरकला.

"उस्ताद, हे खोटं चाललंय."

"खोटं कसं? ढकलणारे दोघंही जागच्या जागी आहेत. तूच बसवलेत."

"पण दिवा बंद आहे."

"मला दिसतंय. तिला सांग."

सिद्राम बघत राहिला. आकडा पुन्हा हलला. त्याला ते बघवेना. चकती दाबून धरायला त्याने बोट पुढे केलं.

उस्तादांनी त्याचं मनगट पकडलं. मग दुसऱ्या हाताने खण ओढून चिमटा काढला आणि त्याच्यापुढे, टेबलावरच्या चुंबकाशेजारी ठेवला.

"उचल. जा जयसिंगपूरला. पण आधी तिला थांबव, लेका... हात न लावता."