कोठारापासून घरापर्यंत

पूर्वी, राजांना स्वतःचे पाय जमिनीला टेकवायची लाज वाटत नसे इतक्या पूर्वी, एका राज्याच्या कडेला एक कुंभार राहत असे. त्याची एकुलती एक मुलगी पायांनी चिखल तुडवून त्याला माती मळून द्यायची. बाळांनो, ऐका. आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही सरकून बसा, गोष्ट तुमच्यासाठीही आहे.

एके सकाळी गावच्या देवळातली घंटा नाहीशी झाली. गावाने लगेच एका परक्या घोंगडीवाल्याला धरून पिंपळाला बांधलं. चोर परका निघाला की सगळ्यांनाच बरं वाटतं ना!

तेवढ्यात राजाचा तपासनीस आला. साधा अंगरखा, अनवाणी पाय. कुंभाराच्या अंगणात चोराचं पाऊल उमटलं होतं. वाऱ्याने ते पुसू नये म्हणून त्याने त्यावर एक मडकं पालथं घातलं आणि ओणवा होऊन पुढची पावलं वाचत निघाला. कुंभाराची मुलगी त्याच्या मागे.

मातीच्या खाणीपाशी तो थांबला.

"इथपर्यंत पावलं खोल आहेत," तो म्हणाला, "इथून पुढे उथळ. म्हणजे ओझं इथे उतरलंय."

खाणीत हात घातला तर घंटा हाताला लागली. उथळ पावलं पुढे गेली ती थेट पाटलाच्या मेहुण्याच्या दारात. घोंगडीवाल्याची दोरी सुटली तेव्हा तो ढसाढसा रडला.

खोल आणि उथळ, एवढ्याशा फरकाने एक माणूस सुटला! मुलीला जेवण गोड लागेना. तपासनिसाची अंगणातली पावलं ती पुन्हा पुन्हा पाहत राहिली. त्याच्या डाव्या पायाची करंगळी जमिनीला टेकतच नव्हती. देवाची पावलं पाहावीत तशी तिने ती पाहिली.

"बा, मला ह्येच शिकायचंय," ती म्हणाली.

ही विद्या राजधानीच्या न्यायशाळेत शिकवत. पण तिथे गुरुदक्षिणा आधी द्यावी लागे, आणि ती होती थैलीभर मोहरा. राजधानीतला सावकार कर्ज द्यायला लगेच तयार झाला. बापाने चाक गहाण टाकलं, मातीची खाणही टाकली. शाळेचा दरवाजा केवढा, तिथले गुरू केवढे, गावाने सगळं विचारून घेतलं. तपासनिसाला पगार काय मिळतो, हे तेवढं कुणी विचारलं नाही. आपण तरी कुठे विचारतो?

न्यायशाळेच्या गुरुमाय खूप म्हाताऱ्या होत्या. त्यांनी थैली घेतली नाही, उंबऱ्यावरच ठेवायला लावली.

"आधी एक माग काढून दाखव. कुणाचा काढशील?"

"आमच्या गावी आले होते त्या तपासनिसांचा."

"आज पगाराचा दिवस आहे. राजाच्या कोठारापासून सुरुवात कर."

कोठारासमोर पावलांची नुसती गर्दी होती. पण बऱ्याच वेळाने तिला करंगळी नसलेलं ते पाऊल सापडलं. पाऊल चांगलं खोल होतं. पगाराचं पोतं खांद्यावर होतं तर! केवढं धान्य मिळालं असेल! ती हरखून मागावर निघाली.

माग एका मोठ्या दारात शिरला. बाहेर आला तो उथळ होऊन.

तिने पावलात तळवा घालून पाहिला. मान वर केली. ती त्याच सावकाराची पेढी होती.

उथळ पावलं पुढे एका लहानशा घरापर्यंत गेली. अंगणात तपासनीस सुपात मूठभर ज्वारी पाखडत बसला होता. त्याने तिला ओळखलं.

"वाचलंस?"

"वाचलं. ओझं पेढीत उतरलं."

तो हसला. "शिकायला काढलेलं कर्ज. केस पांढरे झाले, अजून फेडतोय. पण विद्येला बोल लावू नकोस, पोरी. त्या घोंगडीवाल्याचं तोंड आठवलं की मला भूक लागत नाही. माझ्या मुलांना मात्र लागते."

मुलगी त्याच्याकडे पाहतच राहिली. एवढी ओढाताण, आणि पाटलाच्या मेहुण्याकडून या माणसाने एक दाणा घेतला नव्हता! तिने वाकून त्याच्या पायांना हात लावला. पण परतताना तिला बापाचं चाक दिसत होतं, त्याच पेढीत उतरवून ठेवलेलं.

"मला शिकायचंच आहे," ती गुरुमायला म्हणाली, "पण ही थैली परत न्यायचीय. पावलांचे ठसे घ्यायला तुम्हाला मळलेली माती लागते ना? ती मी मळीन. अर्धा दिवस माती, अर्धा दिवस विद्या."

"दुप्पट वर्षं लागतील, बाळ."

"लागू देत."

गुरुमायचे डोळे चमकले. "माझ्याकडे आलेल्या पोरांपैकी बहुतेक कोठारापाशीच हरखून माघारी आली," त्या म्हणाल्या. "ये आत."

मोहरा परत आल्या तेव्हा सावकाराने तोंड वाकडं करत चाक आणि खाण सोडली, आणि व्याज म्हणून दोन रांजण उचलून नेले. शाळेतले सोबती तिच्या आधी शिकून गेले, जाताना तिच्या चिखलाच्या पायांना हसले. ती मळत राहिली, शिकत राहिली. शेवटी तपासनीस होऊन ती आपल्याच मुलखातल्या ठाण्यावर आली.

पहिल्या पगाराचं पोतं तिने घरी चुलीपाशी उतरवलं. कुंभाराने चाक थांबवलं आणि तो बाहेर पडला. ओणवा होऊन तो तिच्या पावलांमागे पार ठाण्याच्या कोठारापर्यंत गेला आणि परत आला. डोळे पुसत म्हणाला,

"कोठारापासनं आपल्या उंबऱ्यापत्तुर सारखीच खोल हायती गं."

मग त्याने एक नवं मडकं आणलं आणि उंबऱ्याजवळच्या शेवटच्या पावलावर, वाऱ्याने पुसू नये म्हणून, पालथं घातलं.

तात्पर्य: विद्या कितीही थोर असो, तिच्यासाठी कर्ज काढण्याआधी तिच्या कमाईतलं घरापर्यंत किती पोचेल ते पाहून घ्यावं.