बांधावरचा भोंपू

एका जंगलात एक मुंगूस राहत असे. राहत असे म्हणायचं एवढंच, कारण एका जागी त्याचं बूड कधी टेकलंच नाही. सकाळी डोळे उघडायच्या आधी त्याचे पाय चालू लागत. जेवायला बसला तरी एक पाय ताटापाशी आणि दुसरा दाराबाहेर. बायको म्हणायची, "अहो, घास तरी चावा." तो म्हणायचा, "वाटेत चावतो!" आणि सायकलवर टांग टाकून पसार.

हो, सायकलवर. त्या जंगलात सगळेच सायकलवरून फिरत. तिथे सायकली कुठून आल्या असं विचारू नका, मुलांनो. तुमच्या गल्लीत जिथून आल्या तिथूनच आल्या असतील. पिंपळाखाली माकडाचं सायकलचं दुकान होतं. तिथे हवा भरून मिळे, पंक्चर काढून मिळे आणि गिऱ्हाइकाला नको असलेल्या वस्तूही गोड बोलून गळ्यात मारल्या जात. हत्तीलाही एकदा सायकल हवी झाली होती. त्याबद्दल माकड अजून बोलत नाही.

या जंगलाच्या मधोमध एक मोठी दलदल होती. अलीकडे सगळ्यांची बिळं आणि घरटी, पलीकडे बाजार आणि वैद्य अस्वलाची गुहा. जायला यायला दलदलीवरचा मातीचा बांध तेवढा होता. लांबच लांब आणि अरुंद. दोन सायकली अंग चोरून एकमेकींच्या शेजारून जेमतेम जायच्या. चाक जरा घसरलं की थेट चिखलात. म्हणून बांधावर सगळे सांभाळून चालवत, पुढच्याला "आलो हं" म्हणत आणि मग कडेने पुढे जात.

मुंगसाला हे "आलो हं" म्हणण्याचाही धीर नव्हता. त्याने माकडाकडून एक भोंपू आणला. काळा रबरी फुगा, पुढे पितळेचा कर्णा. दाबला की असा 'भॉंप्!' वाजे की पेरूच्या झाडावरचे पोपट अर्धा पेरू टाकून उडत. मुंगूस खूश झाला. आधी त्याने तो कौतुकाने वाजवला, मग सवयीने, आणि पुढे पुढे रागाने. समोर कोणी असो वा नसो, बांधावर चाक चढलं की त्याचा हात फुग्यावर जाई.

आता त्याच बांधावरून रोज एक साळिंदर जात असे. सगळे तिला साळूबाई म्हणत. ती रानातले कंद उकरून काढी आणि सायकलच्या दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून बाजारात नेई. ओझं जड, त्यामुळे चाल संथ. ना कोणाच्या अध्यात, ना मध्यात. एकदा मुंगूस तिच्या मागे आला आणि त्याने सवयीप्रमाणे फुगा दाबला.

"भॉंप्! भॉंप्! अहो, सरका की!"

साळूबाई अशी दचकली की सायकल पडता पडता वाचली. मानेपासून शेपटीपर्यंत तिचे सगळे काटे सळसळ करत उभे राहिले आणि बांध या कडेपासून त्या कडेपर्यंत काट्यांनी भरून गेला. मुंगसाला करकचून ब्रेक दाबावा लागला. त्याचं डोकंच फिरलं.

"सरका म्हटलं तर आणखी पसरलात! मुद्दाम करताय तुम्ही हे!"

"मुद्दाम? अरे, मागून येऊन काळजाचं पाणी करतोस आणि वर मलाच बोलतोस?"

"मी सावध करतोय तुम्हाला. न वाजवता येऊन धडकलो असतो म्हणजे? उपकार माना!"

"हे सावध करणं नाही, मुंगूसभाऊ. हे हाकलणं आहे. मी दचकले की काटे उभे राहतात, ते माझ्या हातात नाही. तू थांब जरा, आपोआप खाली बसतील."

थांब! नेमका हाच शब्द मुंगसाला ठाऊक नव्हता. स्वतःचे काटे म्हणे स्वतःच्या हातात नाहीत! काय पण सबब! त्याने आणखी जोरात वाजवला. काटे आणखी ताठ झाले. मग तो ओरडला, ती ओरडली, दलदलीतले बेडूकही मधे पडले, आणि शेवटी साळूबाई बांध उतरल्यावरच मुंगसाला पुढे जाता आलं. दुसऱ्या दिवशी हेच. तिसऱ्या दिवशीही हेच. बाई अडेलतट्टू आहे, आपली वाट अडवण्यातच तिला सुख आहे, याबद्दल मुंगसाची खात्री पटली.

भांडण शेवटी कासवआजोबांकडे गेलं. ते बांधाच्या तोंडाशी उन्हाला बसलेले असत आणि बांधावरचे तंटे तेच मिटवत. दोघांचं ऐकून घेऊन ते म्हणाले, "भोंपू वळणावर वाजवावा, कोणाच्या पाठीवर नाही." एवढंच बोलून त्यांनी मान आत घेतली. मुंगूस तिथून निघताना पुटपुटला, "मान बाहेर काढायला ज्यांना अर्धा दिवस लागतो, ते मला वाट कशी काढायची ते सांगणार!" पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

शहाणपण पसरायला वेळ लागतो, खोड मात्र वाऱ्यासारखी पसरते. मुंगसाचं पाहून सशाने भोंपू घेतला. सशाने घेतला म्हणून घोरपडीने घेतला. माकडाला कर्णे पुरेनात. आता बांधावर जो तो पुढच्यावर भोंपू वाजवी, पुढचा चिडून उलट वाजवी, आणि कोणीच तसूभर हलत नसे. कावळा वरून म्हणायचा, "रोज वरात निघते बांधावर, नवरदेव तेवढा दिसत नाही!" एकट्या साळूबाईने भोंपू घेतला नाही. ती खाली मान घालून, दोन्ही टोपल्या सावरत, जीव मुठीत धरून बांध ओलांडायची.

मग एका सकाळी मुंगसाच्या घरी आकांत झाला. त्याचं पिल्लू बापासारखंच चुळबुळं. बांबूच्या बेटात एक पोळं लटकताना दिसलं, यात काय आहे बघू म्हणून त्याने नाक खुपसलं, आणि गांधीलमाशी त्याच्या गळ्यालाच डसली. बघता बघता गळा सुजला. पिल्लाला बोलता येईना, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. बायकोने त्याला पंच्याने बापाच्या पाठीशी घट्ट बांधलं.

"वैद्यांकडे न्या. आणि अहो, त्याचा श्वास ऐकत राहा. तेवढं तरी कराल ना?"

"हो हो!" म्हणेपर्यंत मुंगूस निघालासुद्धा.

आजवर तो उगाचच धावत आला होता. आज पहिल्यांदा त्याला खरी घाई होती. बांधावर चढताच त्याने फुगा दाबायला सुरुवात केली ती थांबवलीच नाही. भॉंप्! भॉंप्! पुढे ससा होता. त्याने मागे न बघताच उलट भोंपू वाजवला. "तुलाच काय ती घाई? आम्ही काय माशा मारायला निघालोय?" मुंगूस अर्धं चाक चिखलातून काढत कसाबसा त्याच्या पुढे गेला. मग घोरपड. ती तर जास्तच आडवी झाली. "रोजचंच आहे तुझं!" तिच्या शेपटीला घासून तो पुढे सटकला. आणि बांधाच्या अगदी मधोमध, दोन टोपल्या लावलेली ती संथ सायकल.

"भॉंप्!"

सळसळ! काटे उभे. बांध बंद.

"भॉंप्! भॉंप्! भॉंप्!"

काटे आणखी ताठ झाले. एका बाजूने घुसावं तर काटे, दुसऱ्या बाजूने घुसावं तरी काटे. मुंगसाने दोन्ही हातांनी फुगा दाबला. कर्ण्यातून आवाज निघत होता, दलदलीवरून घुमून परत येत होता, मागून ससा आणि घोरपड वाजवत होते. त्या गदारोळात एकदम मुंगसाच्या लक्षात आलं की पाठीवरची शिट्टी आपल्याला ऐकू येत नाही.

शिट्टी थांबली की आपल्याच आवाजात बुडाली? त्याचा हात फुग्यावरून गळून पडला. त्याने मागे वळून असा काही आक्रोश केला की ससा आणि घोरपडही गप्प झाले. तो जागच्या जागी उभा राहिला, श्वास रोखून, कान मागे टाकून. एक बेडूक ओरडला. पाणी हललं. आणि मग पाठीपाशी, अगदी बारीक, दोऱ्यासारखी शिट्टी आली. गेली. पुन्हा आली.

मुंगूस रडू लागला.

डोळे पुसून त्याने समोर पाहिलं, तर साळूबाईचे काटे खाली बसत होते. वारा पडल्यावर गवत बसतं, तसे हळूहळू, मानेपासून शेपटीपर्यंत. सगळे बसले. आणि मुंगसाला दिसलं की तिची सायकल बांधाच्या डाव्या कडेला अगदी चिकटून उभी आहे. उजवीकडे वाट होती. मुंगूस आरामात जाईल एवढी होती. रोज तेवढीच असणार. ही बाई कधी मधून चालवतच नव्हती!

साळूबाईने मान वळवली. "आज गप्प झालास तो?"

"साळूबाई... पिल्लाला गांधीलमाशी चावलीय. गळा सुजलाय. वैद्यांकडे..."

"अरे देवा! मग बोलायचं नाही का तसं!" साळूबाईने मागचा पुढचा विचार न करता सायकल टोपल्यांसकट खाली चिखलात घातली, म्हणजे वाट आणखी मोकळी झाली. "जा, नीघ! थांबू नकोस!" आणि मग तिने पुढच्यांना हाक दिली. तिचा आवाज एवढा मोठा असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. "अहोऽ, पुढच्यांनो! आजारी पिल्लू येतंय, वाट द्याऽ!"

हाक सायकलच्या पुढे धावली. पुढे कोल्हा होता, तो कडेला झाला. रानडुक्कर होतं, तेही खाली उतरून उभं राहिलं. मुंगसाने भोंपूला हातही लावला नाही, आणि बांधाचा उरलेला भाग त्याने इतक्या झपाट्याने काटला की तसा तो पूर्वी कधी काटला नव्हता.

वैद्य अस्वलाने पाल्याचा रस पाजला, गळ्यावर लेप घातला आणि बापाला दरडावलं, "कोपऱ्यात बसा. येरझाऱ्या घालायच्या नाहीत." मुंगूस बसला. दुपारपर्यंत बसला. शेवटी पिल्लाने डोळे उघडून विचारलं, "बाबा, खायला काय आहे?" तेव्हा मुंगसाने त्याला असं कवटाळलं की अस्वलाला लेप पुन्हा घालावा लागला.

परतताना पिल्लू मागे कॅरियरवर बसायला तयार होईना. त्याला पुढे दांडीवर बसायचं होतं. बांधाच्या मध्यावर आले तर साळूबाई अजून तिथेच. सायकल अर्धी चिखलात रुतलेली, कंद इकडे तिकडे विखुरलेले, आणि ती एकटीच हँडल धरून ओढत होती. सकाळपासून कितीतरी जण भोंपू वाजवत शेजारून गेले होते.

मुंगूस सायकल टेकवून खाली उतरला. तिच्या समोरच्या बाजूने गेला, तिला दिसेल असा. "मी आहे, साळूबाई," तो म्हणाला.

"पिल्लू कसं आहे?" तिने आधी हेच विचारलं.

"खायला मागतंय." मग मान खाली घालून तो म्हणाला, "सकाळी मी एवढा वाजवत होतो. तुम्हाला काहीच वेगळं वाटलं नाही?"

"काय वाटणार, भाऊ? तुझा भोंपू रोज एकच सांगतो, 'हट.' आज त्याला 'वाचवा' म्हणायचं होतं, ते मला कुठून कळावं?"

मुंगूस गुडघाभर चिखलात उतरला आणि तिच्या खांद्याला खांदा लावून सायकल ओढू लागला. चाक जरा हललं. आणखी जरा. आता निघणार, एवढ्यात दांडीवर बसून कंटाळलेल्या पिल्लाला समोर तो काळा फुगा दिसला. मुलांची जात, हात लावल्याशिवाय राहवतंय का?

"भॉंप्!"

सळसळ! साळूबाईचे सगळे काटे ताठ उभे राहिले. मुंगूस तिला चिकटूनच उभा होता. खांद्यात, दंडात, जिथे जागा मिळाली तिथे काटे रुतले. तो कळवळून चिखलात बसला.

साळूबाईच्या तोंडचं पाणी पळालं. "अरे, लागलं का रे? मी मुद्दाम नाही केलं, खरंच..."

मुंगसाने दंडातला एक काटा उपटून काढला. डोळ्यांत पाणी होतं. त्याने पुन्हा तिच्या खांद्याला खांदा लावला.

"माहीत आहे," तो म्हणाला. "बसू देत सावकाश. मी थांबतो."

तात्पर्य : इशारा द्यावा तो दुसऱ्याला सावध करण्यासाठी; धाक घालण्यासाठी दिला, तर मोकळी असलेली वाटही बंद होते.