मागून चालणारे दोन लाख

मालनकाकू सातपुत्यांनी बनवलेली करकर वाजणारी कोल्हापुरी चप्पल गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. फोनवर मात्र तिला कुणी ओळखत नव्हतं. म्हणून सून रुपालीनं फोटो टाकले, रील केले, गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुपही काढला.

एकदा व्यापाऱ्यांच्या सभेत ऑनलाइन जाहिरातीवर भाषण ठोकायला रणधीर नावाचा वक्ता आला. भर सभेत त्यानं फोनवर काकूंचं पान उघडलं.

"फॉलोअर फक्त एकशे बारा? काकू, दहा जोड फुकट पाठवा, मी माझ्या पानावर झळकवतो. नाहीतर बसा दुकानात माश्या मारत!"

दहा जोड म्हणजे काकूंची महिनाभराची मेहनत. त्या उठल्या.

"साहेब, फॉलोअर म्हणजे काय वो?"

"मागून चालणारी माणसं. माझ्यामागं दोन लाख चालतात!"

"मग दिले दहा जोड. फक्त तुमच्यामागं चालून ज्यांच्या चपला झिजल्यात, अशी दहा माणसं माप द्यायला पाठवा."

रणधीर हसला. "अहो काकू, ती घरी बसूनच चालतात. फोनवर!"

"असं व्हय? मग त्यांना फोटोतल्या चपला पुरतील की!"

सभेत एकच हशा पिकला. रुपालीनं सगळं फोनमध्ये टिपलं होतं. संध्याकाळी तिनं तो व्हिडिओ टाकला, आणि तो सगळ्यात जास्त पुढं पाठवला रणधीरच्याच फॉलोअरांनी.

आठवड्याभरात त्यातले दहा जण खरोखरच चालत दुकानात माप द्यायला आले. अकरावा, सगळ्यांच्या मागून चालत आला, तो रणधीर.